त्याने पत्रं उघडली का नाहीत?

('मून लव्हर्स' या कोरियन मालिकेचा शेवट फोडणार आहे. बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

काकूंनी 'मून लव्हर्स'चा शेवटचा, विसावा भाग संपवला आणि ग्रुपवर एवढंच लिहिलं, "त्याने ती पत्रं उघडली का नाहीत?" त्यावर आज एका शहाण्याने हसरे इमोजी टाकले. वर उपदेश, "अहो, खोटं असतं ते सगळं!"

काकूंना माहीत नाही होय? थेऊरला रमाबाईंच्या नावाने डोळे पुसले तर आपण संवेदनशील, आणि कोरियन राजपुत्रासाठी पुसले तर येडे. हा हिशेब मला कधी कळला नाही.

काकूंचा प्रश्न किती नेमका आहे बघा. नायिका हे सू हिने लिहायला शिकताना वांग सोचं, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या नायकाचं, अक्षर गिरवलेलं, म्हणून तिचं अक्षर हुबेहूब राजाचं. राजवाडा सोडून ती चौदाव्या राजपुत्राशी, वांग जंगशी लग्न करते आणि तिथून राजाला पत्रं धाडते. पाकिटावर राजाचंच अक्षर दिसलं तर बोभाटा होईल, म्हणून जंग ती दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हाताने लिहितो. राजा जंगवर भडकलेला. त्याला वाटतं, जंगचीच पत्रं, म्हणून फोडतच नाही. ती वाट बघून बघून मरते.

यात गुन्हेगार कोण? कोणीच नाही! थोरला भाऊ मू राजा झाल्यावर न्हाणीच्या पाण्यातल्या पाऱ्याने जातो, तेव्हा शिव्या घालायला माणूस असतो. दहावा राजपुत्र उन बाणांनी घायाळ होऊन सोलाच म्हणतो, तूच संपव मला. तिथेही बाण सोडणारा भाऊ वांग यो समोर उभा. पत्रांच्या वेळी राग काढायचा कोणावर? म्हणून काकू प्रश्न विचारत बसतात.

मुळात ही ओढ लागते ती भीतीमुळे. आजच्या काळातली गो हा-जिन ग्रहणात बुडते आणि दहाव्या शतकातल्या गोर्योत, म्हणजे तेव्हाच्या कोरियन राज्यात, हे सू म्हणून जागी होते. तिला एवढंच आठवतं की ग्वांगजोंग नावाचा राजा भावांच्या रक्ताने माखलेला. मालिकेच्या मध्यावर कळतं की ग्वांगजोंग म्हणजे आपला सोच! ज्याच्या चेहऱ्यावरचा व्रण तिने स्वतः रंग लावून झाकला, पावसात ती गुडघे टेकून बसली तेव्हा जो अंगरखा धरून शेजारी उभा राहिला, तोच. तिथून पुढे आपणही त्याच्याकडे तिच्याच भेदरलेल्या नजरेने बघतो.

हो, पहिले दोन-तीन भाग पोरकट आहेत. क्लोजअपचा अतिरेक आहे. कोरियातली आणि परदेशातली आवृत्ती वेगवेगळी कापलीय, त्यामुळे मध्येच धागा तुटल्यासारखा वाटतो. दिलं, मान्य.

पण इतिहास पोरकट नाही. गोर्योचा संस्थापक राजा थेजो, त्याच्या २९ राण्या आणि २५ मुलगे. एकेका सरदार घराण्याशी सोयरीक करत राज्य जोडलं, मग प्रत्येक आजोळाला आपलाच नातू गादीवर हवा. ९४३ ते ९४९ या सहा वर्षांत दोन राजे, ग्वांगजोंगचे थोरले भाऊ, आटोपले. खरा ग्वांगजोंग ९४९ ते ९७५ गादीवर होता. ९५६ मध्ये त्याने बळजबरीने गुलाम केलेल्यांची फेरतपासणी करून त्यांना मोकळं केलं, ९५८ मध्ये परीक्षा घेऊन अधिकारी नेमायला सुरुवात केली. आणि ९६० पासून सरदारांची कत्तल. त्यात दोन्ही थोरल्या भावांचे मुलगेही गेले.

काकू, हे सांगू की नको, असं झालं होतं. पण तुम्ही वाचालच. व्रण आणि मुखवटा मालिकेचा, पुतण्यांचं रक्त खरं. तरीही सो आवडतो, त्याला माझा इलाज नाही.

आणि दुसरा सीझन कधी येणार, हे मला इनबॉक्समध्ये विचारू नका. २०१६ पासून आलेला नाही. मीही वाट बघतेय.