टाटांच्या दवाखान्याचा तो फोटो

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फोटो फिरतोय. पगडीतले पारशी गृहस्थ, हातात कात्री, खाली ओळ: 'जमशेदजी टाटा जमशेदपूरच्या कंपनी हॉस्पिटलचं उद्घाटन करताना, १९०८.' मीही आधी अंगठा देऊन मोकळा झालो होतो.

अहो, जमशेदजी १९ मे १९०४ लाच जर्मनीत, बाड नाउहाइमला वारले. पोलाद कंपनी निघाली १९०७ मध्ये, मुलाच्या, दोराबजींच्या हातून. शिवाय १९०८ साली 'जमशेदपूर' कुठलं? ती साकची होती. बारसं १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी केलं. दवाखान्याचं साल मात्र बरोबर आहे. सुरुवातीला अगदी छोटा होता, तेच आजचं टाटा मेन हॉस्पिटल. फोटोतली व्यक्ती कोणीही असो, प्रसंग तो नव्हे.