बी कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर आधी बी-६ चा आकडा शोधा

"बी कॉम्प्लेक्स ना? घ्या बिनधास्त. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं." हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की त्याच्याविरुद्ध जरा ठासूनच लिहावंसं वाटतं. बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, हे खरं. म्हणून ती कितीही घेतली तरी चालतात, हे मात्र खोटं. बी-१२ तर यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं. आणि बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन प्रमाणाबाहेर गेलं तर नसांना इजा करतं.

१९८३ साली सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. रोज २ ते ६ ग्रॅम पायरिडॉक्सिन घेऊन त्यांची संवेदना इतकी बिघडली होती की चालताना तोल जायचा. एवढा मोठा डोस आज सहसा कुणी घेत नाही, पण महिनोन्‌महिने घेतलेल्या बऱ्याच लहान डोसांनीही असा त्रास झाल्याचं नंतर दिसून आलं. प्रौढ माणसाची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास आहे. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम मानतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायचं असेल तर मी १२ मिलिग्रॅमचाच आकडा धरायला सांगेन.

मर्यादा ओलांडली जाते ती बेरीज न केल्यामुळे. समजा, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३ मिलिग्रॅम आहे, बी कॉम्प्लेक्समध्ये ५० आणि झोपेसाठी घेतलेल्या मॅग्नेशियमच्या गोळीत १०. झाले ६३, आणि घेणाऱ्याला पत्ताही नाही. एनर्जी ड्रिंकमध्येही बी-६ असतं. तेव्हा घरातली सगळी पाकिटं आणि बाटल्या समोर ठेवा, पायरिडॉक्सिन किंवा बी-६ पुढचा आकडा कागदावर उतरवा आणि दिवसाला किती गोळ्या जातात त्याने गुणा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत गल्लत नको: १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बी-६ जास्त झाल्याची लक्षणं म्हणजे दोन्ही तळपायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं. बरेच जण बी कॉम्प्लेक्स सुरू करतात तेही मुंग्यांसाठीच! मग त्रास वाढला की डोस वाढतो. मुंग्या वाढत असतील तर गोळ्या वाढवू नका. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. बी-६ थांबवल्यावर सहसा सुधारणा होते, पण तिला महिने लागतात, आणि सगळ्यांमध्ये ती पूर्ण होतेच असं नाही.

बी-१२ चं उलट आहे. गोळीवरचा १००० मायक्रोग्रॅमचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. गरज २.४ मायक्रोग्रॅमची असली तरी एवढ्या मोठ्या डोसातला साधारण एक टक्काच शोषला जातो. इथली चूक वेगळी: रक्ततपासणीआधीच गोळ्या सुरू करणं. मग पातळी चांगली दिसते आणि मूळ कमतरता कशामुळे होती ते शोधणं अवघड होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असलेल्यांनी, जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि दूध-अंडीही न खाणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये. नुसतं बी-९ म्हणजे फोलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं तर बी-१२ च्या कमतरतेतला अ‍ॅनिमिया सुधारतो, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

केसांसाठीच्या बायोटिनबद्दल (बी-७) एवढंच. गरज ३० मायक्रोग्रॅमची, गोळीत बहुधा ५,००० ते १०,०००. ते शरीराला अपाय करतं असं नाही, पण काही तपासण्यांचे आकडे फिरवतं. थायरॉइड नॉर्मल असून वाढलेलं दिसू शकतं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. ठरवून करायच्या तपासणीआधी सहसा निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

नायसिनने (बी-३) चेहरा लाल होऊन भाजल्यासारखं वाटतं, ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण कोलेस्टेरॉलसाठी ग्रॅमच्या मात्रेत ते स्वतःहून घेऊ नका, यकृताला इजा होते. रिबोफ्लेविनने (बी-२) लघवी गडद पिवळी होते, त्यात काळजीचं काही नाही.

हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाबरोबर बी-६ देतात ते नसा वाचवण्यासाठी. गरोदर राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यायचं ते बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूसाठी. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांत देतात), फेनिटॉइन (फिट्ससाठी) किंवा लेव्होडोपा (पार्किन्सनसाठी) चालू असेल तर मात्र बी गटातली कुठलीही गोळी सुरू करण्याआधी विचारा, कारण या औषधांचा परिणाम तिने बदलू शकतो.