उपग्रह धावतो म्हणून चित्र खोटे ठरत नाही

हर्णैच्या माझ्या मामांनी परवा घरच्या गटावर एक संदेश पाठवला. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर धावतो, हात हलला तरी मोबाइलचा फोटो बिघडतो, म्हणून उपग्रहाची अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांची) चित्रे खरी असूच शकत नाहीत, ती संगणकावर रंगवलेली असतात. सबब वादळाच्या इशाऱ्यांनी घाबरू नका, असा त्याचा मजकूर. मासेमारीवर पोट असलेल्या माणसाकडून तो पुढे यावा, याचा मला मनापासून राग आला.

वेग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. लँडसॅट-८ या उपग्रहाचेच पाहू. २०१३ पासून तो ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याच्या खालची जमीन सेकंदाला पावणेसात किलोमीटर मागे सरकते. त्यावरील औष्णिक अवरक्त संवेदक (सेन्सर) सेकंदाला ७० वेळा नोंद घेतो. भागाकार केला की दोन नोंदींमध्ये उपग्रह सुमारे ९६ मीटर पुढे जातो असे दिसते, आणि चित्रातला एक बिंदू असतो १०० मीटरचा. म्हणजे धावणे ही येथे अडचण नसून चित्र ओळीओळीने पुढे नेणारी तीच गती आहे.

बिंदू याहून लहान हवा असेल, तर प्रकाश गोळा करायला वेळ अपुरा पडतो. त्यासाठी संवेदकात एकामागे एक अनेक ओळी ठेवतात. रस्त्याकडेला सोळा माणसे उभी आहेत आणि समोरून पालखी चालली आहे, असे समजा. पालखी ज्याच्यासमोर येईल त्याने तिच्यावर एक फूल वाहायचे; शेवटी सोळाही फुले एकाच पालखीत असतात, रस्त्यावर सांडत नाहीत. तसेच जमिनीच्या एका तुकड्याची पहिल्या ओळीने केलेली मोजणी, दृश्य सरकते त्याच वेगाने, पुढच्या ओळीकडे दिली जाते आणि तिच्यात भर पडत जाते. सोळा ओळींनी संकेत सोळा पट होतो, गोंगाट, म्हणजे मोजणीतील अनियमित चढउतार, मात्र साधारण चार पटच होतो. अमेरिकेतील एमआयटी लिंकन प्रयोगशाळेने तर प्रत्येक बिंदूखाली स्वतंत्र गणक बसवून, ते आकडे शेजारच्या बिंदूकडे सरकवणारे अवरक्त संवेदक बनवले आहेत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. ड्रोनवरच्या स्वस्त, संवेदक थंड ठेवण्याची सोय नसलेल्या औष्णिक कॅमेऱ्यात बिंदूला तापून निवायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वेगवान वस्तू खरोखरच फरपटल्यासारखी दिसते. रंगही नंतर दिलेले असतात, पण ते मोजलेल्या तापमानाला दिलेले असतात.

सर्वांत घातक आहे ते वादळाबद्दलचे वाक्य, कारण तेथे मुळात उपग्रहच चुकीचा धरला आहे. आपल्याकडची वादळाची चित्रे प्रामुख्याने इन्सॅट-३डी मालिकेची असतात. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत, जमिनीच्या दृष्टीने एकाच जागी राहतात. त्यांच्या औष्णिक चित्रातील बिंदू ४ किलोमीटरचा असतो. ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या ढगालाही तो ओलांडायला दोन मिनिटे लागतील.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि दापोली तालुक्याची दैना झाली. इशारा ऐकून मामांनी आदल्या दिवशीच आपली बोट आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधली होती. आजही ते त्याच बोटीवर जातात.