सहाव्या वर्षाची दाढ पुन्हा येत नाही

"मॅडम, नवा दात कधी येईन?"

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतून एक पोट्टं माझ्याकडे आलं आणि तोंडात बोट घालून जागा दाखवू लागलं. खालचा जबडा, उजवीकडे, पार मागे. हिरडी अजून लाल होती. तिसरीतलं पोरगं, आठ वर्षांचं. आदल्या शनिवारी दाढ काढली होती. आईनं ती कागदात बांधून त्याच्या हातात दिली, यानं ती घराच्या पत्र्यावर फेकली आणि तेव्हापासून रोज जीभ लावून बघतोय, नवी आली का म्हणून.

मी त्याला "आधी जेवून घे" म्हणून पाठवलं. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती दुधाची दाढ नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता जी दाढ गुपचूप वर येते, ती जन्माची असते. आधी काही पडलेलं नसतं म्हणून आईबापांना वाटतं हीही दुधाचीच आहे, किडली तर किडली, पडेल आणि दुसरी येईल. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी एका डेंटिस्टनं आरसा धरून समजावलं, तोवर मलाही हे माहीत नव्हतं. त्या दाढेवर खोल खाचा असतात, ब्रश नीट पोचत नाही, आणि पाच रुपयांच्या पाकिटातलं गोड-चिकट सगळं तिथेच जाऊन बसतं. जन्मभर ज्या दाढेनं चावायचं, ती नेमकी अशी पहिल्या दोन वर्षांत जाते.

संध्याकाळी त्याची आई भेटली. नागपुरात मानेवाड्याकडे चार घरची धुणीभांडी करते. पोरगं फेब्रुवारीपासून रात्री उठून रडायचं. आधी लवंग दाबली, मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, गोळीनं दोन दिवस बरं वाटायचं. एका सकाळी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा ती घाबरली आणि जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथे सांगितलं, दाढ वाचवायची तर रूट कॅनल आणि वर कॅप, सगळे मिळून साडेपाच हजार. काढायची तर पाचशे.

तिनं दोन दिवस मागितले. तिच्याकडे आयुष्मानचं कार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्डासोबत जपून ठेवलेलं. ते घेऊन ती योजनेच्या पॅनलवरच्या एका रुग्णालयात गेली. तिथे योजनेची माहिती द्यायला बसलेल्या आरोग्यमित्रानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की दाताच्या या कामाला कार्ड चालत नाही, भरती व्हावं लागतं. तिनं मला जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिते: "पाच लाखाचं कार्ड हाय न मॅडम, मंग पाच हजार काहून नाही भेटत?"

त्या रात्री मी या एका प्रश्नाचं उत्तर शोधत बसले.

आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आपल्याकडे त्याआधीपासून राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी योजना होती, २०१२ पासूनची, तीच २०१७ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. आता दोन्ही एकत्र चालतात. या योजनांनी आपल्या लोकांचे किती जीव वाचवले हे मला माहीत आहे. आमच्याच गल्लीत एका रिक्षावाल्या भाऊंची बायपास एकही पैसा न भरता झाली. म्हणून मी योजनेच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. पण ही सगळी आखणी 'भरती' या शब्दाभोवती केलेली आहे. माणूस पलंगावर झोपला तर पैसे. काय मिळणार नाही, त्याच्या केंद्राच्या यादीत दाताची कीड भरणं आणि रूट कॅनल स्पष्ट लिहिलेलं आहे. अपवाद एकच: आजार किंवा अपघातामुळे गरज पडली आणि त्यासाठी भरती करावी लागली तर. म्हणजे अपघातात जबडा मोडला तर त्याचं ऑपरेशन योजनेत बसतं. दाताला मात्र कुणी भरती करून घेत नाही, दाताचं काम खुर्चीवर बसून होतं. त्यामुळे दात किडायला लागल्यापासून पू होऊन गाल सुजेपर्यंतचा सगळा काळ माणसानं आपल्या खिशातून काढायचा.

कुणी म्हणेल, सरकारी डेंटल कॉलेज आहे ना मेडिकल कॉलेजच्या आवारात. आहे, आणि १९६८ पासून आहे, आणि तिथे शिकलेल्या डॉक्टरांनी विदर्भाचे दात सांभाळलेत. माझी अक्कलदाढ तिथेच काढली, फार काळजीनं काढली. पण रूट कॅनल एका फेरीत होत नाही. तीनचार वेळा जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ. या बाईला एका दिवसाचे चार घरचे खाडे पडतात. चार फेऱ्यांचे सोळा खाडे. दोन घरच्या बायका खाड्याचे पैसे कापतात आणि एका घरी तर "रोजचं नाटक झालं" म्हणून दुसरी बाई ठेवतात, हे तिच्या बाबतीत आधी झालेलं आहे. मोफत उपचार तिला असा महाग पडतो. घराजवळच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी सात वाजता, कामं आटोपल्यावर, कार्ड दाखवून दाढ भरता आली असती तर ती दाढ आज त्या पोराच्या तोंडात असती. नागपुरात डेंटिस्टची कमी नाही. नंदनवनपासून जरीपटक्यापर्यंत गल्लोगल्ली पाट्या आहेत, आणि त्यातली कितीतरी तरुण मुलंमुली रिकाम्या खुर्चीसमोर पेशंटची वाट बघत बसलेली असतात. दुखणारं पोरगं आणि रिकामी खुर्ची यांच्यात दोनशे मीटरचं अंतर आहे, आणि मध्ये पैसा उभा आहे.

शाळेत तपासणी होते का? होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, तो तर आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं बघतं, आणि तपासायच्या यादीत किडलेले दातही आहेत. आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टर मॅडम एकेका पोराचं तोंड बॅटरी लावून बघतात. गेल्या वेळी माझ्या वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी एकोणीस जणांच्या कार्डावर दातांची नोंद झाली. चिठ्ठ्या मीच घरोघर पाठवल्या. सहा महिन्यांनी विचारलं तर उपचार झालेली मुलं दोन. बाकीच्या चिठ्ठ्या रेशन कार्डाच्या त्याच पिशवीत असतील. ज्या देशात कीड शोधायला माणूस शाळेपर्यंत येतो, तिथे ती भरायला पैसा शाळेपर्यंत का येऊ नये?

आता मोठ्यांचं. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. तेव्हा कामगार विम्याचं कार्ड होतं. पगारातून थोडे पैसे कापले जायचे, आणि दाढ दुखली की बाबा दवाखान्यात जाऊन दाखवून यायचे. भरती व्हा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. ही १९४८ च्या कायद्यानं आलेली योजना आहे आणि आजही चालू आहे: महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. म्हणजे बाह्यरुग्णाला विम्यातून बघणं आपल्या देशाला जमत नाही असं नाही, सत्तरहून जास्त वर्षांपासून जमतंय. केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या आरोग्य योजनेतही दात भरण्याचे, रूट कॅनलचे दर ठरलेले आहेत. साहेबाच्या दाताला दर आहे. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला मालक चार, पण कामगार विम्यात तिची नोंद नाही, त्यामुळे ती ना इकडे ना तिकडे.

मिल बंद झाली, कार्ड गेलं. बाबा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वरचे तीन आणि खालचे पाच दात उरलेत. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमधून पाच लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, तेव्हा मी स्वतः त्यांचं कार्ड काढून दिलं. ते किती खूश झाले होते! मग दातांची कवळी विचारली तर नाही. त्यांची पेन्शन महिन्याला अकराशे काही रुपये आहे. मी पैसे देते म्हटलं तर "आता किती वर्षं राहिली" म्हणतात आणि विषय बदलतात.

गेल्या रविवारी त्यांना तर्री पोहे खायला नेलं. बाबांना तर्री पोहे म्हणजे जीव की प्राण. पोहे रश्श्यात भिजवून खाल्ले. उठलो तेव्हा बघितलं तर प्लेटच्या कडेनं सगळे हरभरे एका ओळीत नीट लावून ठेवलेले. एकही चावला नव्हता. भाकरी वरणात कालवून, भात मऊ करून, केळं कुस्करून ते जगतात. डाळिंब नाही, काकडी नाही, भुईमुगाच्या शेंगा नाहीत, मटणाचा फक्त रस्सा. त्यांना शुगर आहे. शुगरमुळे हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात येत नाही, हे दोन्हीकडून चालतं. शुगरनं पाय सडला तर तो कापायला कार्ड आहे.

आणि खर्र्याबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरचं तोंड कसं पुरं होईल? पन्नीत तंबाखू, सुपारी, चुना टाकून रस्त्याच्या कडेला घासणारे हात आपण सगळेच रोज बघतो. गुटखाबंदी २०१२ ची, खर्रा तसाच. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, माझ्या मावसभावाची दीडच जातात. तिखट लागलं की डोळ्यातून पाणी येतं. गालाच्या आतल्या पांढऱ्या पट्ट्यापासून कॅन्सरपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि तो पट्टा सगळ्यात आधी कुणाला दिसतो? डेंटिस्टला. दात साफ करायला, कीड भरायला म्हणून माणूस खुर्चीत बसतो तेव्हा. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, किमो या सगळ्याला योजना पैसे देते, आणि दिलेच पाहिजेत. पण जिथे तो वेळीच सापडला असता त्या खुर्चीपर्यंत जायला काही देत नाही. विदर्भात तरी हा हिशेब उलटा मांडायला हवा.

बाहेरच्या देशांचंही वाचलं. अमेरिकेत गरिबांच्या सरकारी विम्यात मुलांचे दात कायद्यानं घ्यावेच लागतात, मोठ्यांचं मात्र ज्या त्या राज्यावर सोडलेलं आहे. तरी २००७ मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा दातातल्या पुवाचं इन्फेक्शन मेंदूत जाऊन वारला. दात काढायला ऐंशी डॉलर लागले असते, मेंदूची दोन ऑपरेशनं झाली, बिल अडीच लाख डॉलरच्या आसपास गेलं. त्याच्या घरचा विमा मधेच तुटला होता, आणि विमा असतानाही ते कार्ड घेणारा डेंटिस्ट मिळवणं त्या भागात मोठं कठीण होतं, कारण सरकारी दर परवडत नव्हते. हे आपण आत्ताच लक्षात घ्यावं: नुसतं यादीत 'दंतोपचार' छापून होणार नाही, डॉक्टरला परवडेल असा दर द्यावा लागेल आणि तो वेळेवर द्यावा लागेल. ब्राझीलनं २००४ पासून दातांची सेवा आपल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत राष्ट्रीय धोरण म्हणून आणली. तो देश काही आपल्याला परका वाटावा इतका श्रीमंत नाही.

पैसा कुठून येणार, असं आमच्या स्टाफरूममध्येच विचारलं गेलं. सगळ्यांचं सगळं एकदम करा असं मी म्हणत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या कायमच्या दाढांपासून सुरुवात करा. शाळेतल्या पथकाची चिठ्ठी हाच परवाना समजा, जवळच्या कुठल्याही नोंदणीकृत डेंटिस्टकडे ती चालू द्या. कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशनं लावायचं असतं, ना सुई ना मशीन. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते, फ्लोराइडची पेस्ट आणि दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट, तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ते शाळेतच लावता येईल. त्यानंतर सत्तरीवरच्यांची कवळी. कवळी एकदा केली की काही वर्षं चालते, ते रोजचं देणं नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे: पैसे मिळतात म्हटल्यावर चांगले दातही कोरतील. कोरतील, काही जण. पण याच योजनेत ऑपरेशनच्या आधी रिपोर्ट पाठवून मंजुरी घ्यावी लागते. दाताचा तर आधीचा आणि नंतरचा एक्स-रे दोन मिनिटांत निघतो. चोरीची भीती म्हणून पोरांच्या दाढा जाऊ द्यायच्या, हे मला पटत नाही.

आमच्या भागातल्या नगरसेवकांना आणि आमदारांना मी हे सगळं अर्जात लिहून देणार आहे. पालकसभेत सह्या गोळा करते आहे, काल संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाल्या. नागपुरातल्या शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी, डेंटिस्ट मित्रमैत्रिणींनी आपापल्या भागात अशाच सह्या घ्याव्यात, मसुदा मी कमेंटमध्ये टाकते.

त्या पोराला शेवटी मी खरं सांगितलं. वर्गाबाहेर नेऊन, त्याच्या पातळीवर बसून. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्यानं डावीकडचा गाल बोटानं ओढून मला दाखवला. "मॅडम, इकडची तर हाय न?" डावीकडची आहे. तिच्या मधल्या खाचेत एक काळा ठिपका आहे, मोहरीएवढा. त्याच्या आईला खाडा पडू नये म्हणून गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आहे, सकाळी साडेआठला त्याला डेंटलला मीच घेऊन जाते.