‘फोर्ज्ड पिस्टन टाका आणि बूस्ट वाढवा’: या सल्ल्यातला प्रत्येक मुद्दा तपासू

टर्बो पेट्रोल गाडीचं इंजिन खोलायची वेळ आली की एक सल्ला हमखास हाती येतो. तो साधारण असा: ‘इंजिन खोललंच आहे तर फोर्ज्ड पिस्टनच टाका. ते फुटत नाहीत. २६१८ मिश्रधातूचेच घ्या, ४०३२ कमजोर. टर्बो आहे म्हणजे कॉम्प्रेशन खाली आणा. क्लिअरन्स आणि रिंग गॅप जितका कमी तितकं इंजिन घट्ट. मग बूस्ट हवा तेवढा द्या.’ (फोर्ज्ड म्हणजे दाबाने घडवलेला, कास्ट म्हणजे ओतीव; २६१८ आणि ४०३२ हे ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे क्रमांक; कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते; क्लिअरन्स म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीतली फट; रिंग गॅप म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट; बूस्ट म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब.) या सल्ल्यातलं एकच वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे. बाकीच्या वाक्यांपायी लाखभराचं काम पहिल्या हजार किलोमीटरमध्ये वाया जाऊ शकतं.

उदाहरणाला फोक्सवॅगन-स्कोडाचं १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १.८ टीएसआय घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाच्या कारखान्यात जुळलेल्या लॉरा, सुपर्ब, ऑक्टाव्हियामधलं हे इंजिन आपल्याकडे सर्रास रिबिल्डला येतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८४.१ मिमी, कॉम्प्रेशन ९.६, ब्लॉक बिडाचा.

‘फोर्ज्ड पिस्टन फुटत नाही.’ फुटायला वेळ घेतो, एवढंच खरं. मूळ कास्ट पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर असतं. जोराचं नॉकिंग (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अवेळी स्फोट) झालं की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली भिंत काचेसारखी तडकते. फोर्ज्ड पिस्टन तडकण्याऐवजी आधी दबतो. पण दबला की रिंगची खाच आवळली जाते, रिंग अडकते, कॉम्प्रेशन जातं आणि ऑइल जळू लागतं. मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) किंवा प्री-इग्निशन झालं (ठिणगीआधीच पेटलं) तर माथ्याला भोक कास्टलाही पडतं आणि फोर्ज्डलाही, कारण दोन्ही ॲल्युमिनियमच. शिवाय पिस्टन वाचला तरी दाब खाली कनेक्टिंग रॉडवर येतो. कमी आरपीएमला टॉर्क चढवला की मूळ रॉड वाकतो. रॉड जुने ठेवून फक्त पिस्टन बदलणं म्हणजे कमकुवत जागा एक पायरी खाली सरकवणं.

‘२६१८ भारी, ४०३२ कमजोर.’ २६१८ मध्ये सिलिकॉन नसल्यासारखंच असतं. त्यामुळे तो चिवट असतो आणि तापल्यावर ताकद टिकवतो, पण फुगतोही जास्त. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, म्हणून तो कमी फुगतो आणि त्याच्या रिंगच्या खाचा उशिरा झिजतात. ८२.५ मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर ४०३२ साधारण ०.१६ मिमी वाढतो आणि २६१८ साधारण ०.१८ मिमी. हा फरक क्लिअरन्समध्ये भरून काढावाच लागतो. या मापाच्या बोअरला ४०३२ साठी ढोबळमानाने ०.०५ ते ०.०६५ मिमी ठेवतात, २६१८ साठी ०.०८ ते ०.१० मिमी. शेवटचा शब्द पिस्टनसोबत आलेल्या कार्डाचा. रोज ऑफिसला जाणारी, सुट्टीला घाट चढणारी, मूळ टर्बोवर थोडी वाढवलेली गाडी असेल तर आमचं मत स्पष्टपणे ४०३२ च्या बाजूने आहे. मोठा टर्बो, ट्रॅकवरचा वापर, सतत पूर्ण लोड असेल तर २६१८. आणि गाडी मूळ ताकदीवरच चालवायची असेल, तक्रार फक्त ऑइल खाण्याची असेल, तर चांगल्या रिंगांचे कास्ट पिस्टन पुरतात. तो पैसा टायमिंग चेन, टेन्शनर आणि इंजेक्टरवर खर्च करा.

‘क्लिअरन्स कमी ठेवा, आवाज येणार नाही.’ थंड इंजिनात २६१८ चा हलका टकटक आवाज येतो आणि इंजिन तापलं की जातो. तो दोष नव्हे. तो घालवायला लेथवाल्याने क्लिअरन्स ०.०४ वर आणला, तर गरम झाल्यावर स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) भिंतीला धरतो आणि उभे ओरखडे पडतात.

खरी चूक कामाच्या क्रमात होते. ब्लॉक आधी ८३ मिमीला बोअर करून घेतात आणि मग पिस्टन मागवतात. हे उलट हवं. आधी पिस्टन हातात घ्या. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने, पिनशी (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) काटकोनात, कार्डावर दिलेल्या उंचीवरच मोजा. व्हर्नियर इथे चालत नाही. स्कर्टला कोटिंग असेल तर माप त्यावरून घ्यायचं की नाही, तेही कार्डावर पाहा. मग तोच मायक्रोमीटर वापरून बोअर गेज शून्यावर लावा आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनच्या मापाने होन करा (घासून नेमक्या मापाला आणा). सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा. होनिंग करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) कसलेली हवी, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो.

तापमानाकडे तर कोणी बघतच नाही. मापं २० अंशांसाठी दिलेली असतात. विदर्भात मे महिन्यात ४२ अंशांच्या शेडमध्ये ८२.५ मिमीचा २६१८ पिस्टन ०.०४ मिमी वाढलेला असतो आणि बिडाचा बोअर त्याच्या निम्माच. म्हणजे तिथे मोजलेला क्लिअरन्स ०.०२ मिमी कमी दिसतो. पिस्टन गाडीच्या डिकीत तापलेले आणि ब्लॉक सावलीत थंड असेल तर घोळ आणखी मोठा. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत, शक्यतो एसीत ठेवा आणि सकाळी मोजा.

‘रिंग गॅप कमी, तर कॉम्प्रेशन जास्त.’ सगळ्या सल्ल्यात सर्वांत घातक वाक्य हेच. ८३ मिमी बोअरच्या रिंगचा घेर सुमारे २६० मिमी. अपेक्षेपेक्षा रिंग १०० अंश जास्त तापली तर ती सुमारे ०.३ मिमी लांबते. टोकं एकमेकांना भिडली की रिंग बाहेरच्या बाजूला रेटते, भिंतीला चिकटते आणि खाचेची वरची कड उपटून काढते. पिस्टन उघडल्यावर सगळे नॉकिंगला दोष देतात, पण रिंगच्या टोकांवर चकाकी दिसली तर कारण तेच. उलट, गॅप ०.१ मिमीने जास्त झाल्यास थोडा ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढतो, इंजिन मात्र वाचतं.

रस्त्यावरच्या टर्बोसाठी बोअरला ०.००५ ने गुणा: ८३ मिमीला वरच्या रिंगचा गॅप ०.४१ ते ०.४२ मिमी. दुसऱ्या रिंगला ०.०५ मिमी अधिक, म्हणजे दोन रिंगांमध्ये दाब कोंडत नाही. ऑइल रिंगच्या पात्यांना किमान ०.३८. रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ दाबत साधारण २५ मिमी खाली न्या आणि फिलर गेजने मोजा. घासताना फाइल बाहेरून आतच चालवा, नाहीतर बाहेरच्या तोंडावरचं कोटिंग उडतं. नंतर कडांची बर हलकेच काढा.

‘टर्बो म्हणजे कॉम्प्रेशन कमी.’ कार्ब्युरेटरच्या काळातला हा नियम. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते, म्हणून ९.६ चालतं. ते ८.५ वर आणलं तर टर्बो भरेपर्यंत गाडी मेल्यासारखी चालते, मायलेजही पडतं. शिवाय या पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा फवाऱ्याला वळवण्यासाठी असतो. सपाट माथ्याचा पिस्टन इथे चालणार नाही. ०.५ मिमी ओव्हरसाइझ, म्हणजे ८३ मिमीचा पिस्टन घेताना खळगा तेवढाच ठेवला तर कॉम्प्रेशन ९.६ वरून ९.७ होतं, एवढं चालतं. पिनचा व्यास पिढीनुसार बदललेला आहे. ऑर्डरआधी आपल्या इंजिनाची पिन मोजा.

जोडताना पिस्टन अगदी खाली आणून ऑइल जेट (पिस्टनवर खालून ऑइल फवारणारी नळी) स्कर्टला लागत नाही ना, हे चारही सिलिंडरमध्ये बघा. सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नव्याच वापरा. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा आणि फडकं करडं यायचं थांबेपर्यंत पुन्हा पुसा.

‘मग बूस्ट हवा तेवढा.’ आधी ट्यून (इंधन आणि ठिणगीची जुळणी), मग बूस्ट. सुरू केल्यावर आयडलवर तासभर सोडू नका, त्याने रिंग बसत नाहीत. मिनरल ऑइलवर, मध्यम लोड देत आणि सोडत चालवा, पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. पुढे रोजच्या वापरातही ऑइल ८० अंशांवर गेल्याशिवाय पाय दाबू नका.