मुलगी अल्पवयीन, आई पूर्ण

२०२५मध्ये ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंह यांनी सुप्रीम कोर्टात न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारी वकील) म्हणून बाजू मांडली, की सोळा ते अठरा वयातले परस्परसंमतीचे संबंध पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा धरू नयेत. केंद्र सरकारने विरोध केला. विधी आयोगानेही २०२३मध्ये, २८३व्या अहवालात, संमतीचं वय अठराच ठेवा असं सुचवलं होतं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, कोवळ्या पोरांना तुरुंगात कशाला डांबता? दुसरा म्हणतो, सूट दिली की फूस लावणाऱ्यांचं फावेल. दोघांचंही मला पटतं. पण जिला बाळ झालंय, जी सतरा वर्षांची आहे आणि जिला घरात जागा नाही, तिचं नाव या वादात कुणीच काढत नाही.

मी इंग्लंडमध्ये एका कॉलेजात विद्यार्थी-मदत विभागात काम करते. अशा मुली माझ्या टेबलासमोर बसतात, म्हणून माझं लक्ष आधी तिकडे जातं.

इथला कायदा एक गोष्ट स्वच्छ करतो. बाळ जन्मलं की पालकत्वाची जबाबदारी आपोआप आईची, मग ती पंधरा वर्षांची का असेना. तिच्या आईला, म्हणजे बाळाच्या आजीला, बाळावर आपोआप कुठलाही हक्क मिळत नाही. लग्न न झालेल्या बापाला जन्मनोंदीत नाव लागलं की तीच जबाबदारी मिळते. डिसेंबर २००३पासून हा नियम आहे. आणि त्याच वेळी ती मुलगी स्वतःही अठरापर्यंत मूलच असते. म्हणजे तिला घराबाहेर काढलं, तर १९८९च्या बालकायद्यातल्या विसाव्या कलमाखाली तिची सोय करणं स्थानिक सरकारला भाग असतं. नगरपालिका अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘बेघरांच्या रांगेत उभे राहा’ म्हणून टोलवायच्या. २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनमधल्या साउथवर्कच्या खटल्यात ते बंद केलं. युनिव्हर्सल क्रेडिट हा भत्ता एरवी अठरा वर्षांनंतर मिळतो, पदरात मूल असेल तर सोळाव्या वर्षीही मिळू शकतो. शिक्षण चालू ठेवायचं तर विसाच्या आतल्या पालकाला ‘केअर टू लर्न’मधून पाळणाघराचा खर्च मिळतो, आठवड्याला १८० पौंडांपर्यंत, लंडनमध्ये १९५. तो फॉर्म भरायला मी मदत करते. त्यात बाळाच्या बापावर गुन्हा नोंदवलात का, असा रकाना नाही.

लाड केले की पोरी बिघडतात, असं आमच्या एका काकांचं ठाम मत. १९९८मध्ये इंग्लंडमध्ये पंधरा ते सतरा वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा होत होत्या. १९९९मध्ये सरकारने लैंगिक शिक्षण, गर्भनिरोधकं आणि किशोरवयीन आयांना आधार असं एकत्र धोरण आखलं. २०२०पर्यंत तो आकडा १३च्या आसपास आला. सगळं श्रेय धोरणाचं नसेल, पण आधार दिल्याने आकडा वाढला नाही, एवढं नक्की.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. जी यंत्रणा छप्पर देते तीच मुलीला आई म्हणून तपासते, आणि तिला संशय आला तर बाळ काढून घेण्यासाठी कोर्टात जाते. जी मुलगी स्वतः सरकारी देखरेखीत वाढली, तिला याची सर्वांत जास्त भीती. काही जणी म्हणूनच मदत मागायला कचरतात. शिवाय खोली मिळते, पण बाळाला न्हाऊ घालायला माणूस मिळत नाही.

आपल्याकडे माणसं असतात. पण अब्रू राखायला तीच माणसं काय करतात? बाळाची नोंद आजीच्या नावावर होते, आई कागदोपत्री बहीण होते. पुढे तिला ते मूल आपलं म्हणायचं असेल, तर तिच्या हातात पुरावा म्हणून कागद उरत नाही. खरं तर आपला कायदा इतका कोरडा नाही. अल्पवयीन व्यक्ती दुसऱ्या अल्पवयीनाची पालक होऊ शकत नाही, पण स्वतःच्या मुलाची होऊ शकते, असं १८९०चा पालक व पाल्य कायदा सांगतो. विवाहाबाहेरच्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच, हे १९५६च्या हिंदू कायद्यात आहे. बापाचं नाव न सांगता तिला पालकत्व मागता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये स्पष्ट केलं.

अडतं ते दाराशी. पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवायलाच हवं. मुलगी गरोदर राहिली असेल तर बापाला किमान वीस वर्षांचा तुरुंगवास. पश्चिम बंगालमधली चौदा वर्षांची मुलगी घर सोडून पंचविशीतल्या माणसाकडे राहायला गेली, तिला मूल झालं, तिच्या माहेरने पाठ फिरवली. त्या माणसाला तुरुंगातून सोडवण्यासाठी पोलीस, वकील, कोर्ट यांच्यामागे धावण्यातच तिची सर्वाधिक होरपळ झाली, असं सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीच्या अहवालातून पुढे आलं. मे २०२५मध्ये कोर्टाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा मात्र दिली नाही, आणि तिच्या व बाळाच्या शिक्षणाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. त्यासाठी राज्यघटनेच्या कलम १४२चा विशेषाधिकार वापरावा लागला. एका मुलीसाठी!

बाकीच्या कुठे आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८. यातल्या बहुतेक कुणाबरोबर पळून गेलेल्या नाहीत, लग्न लावून दिलेल्या आहेत. बीडकडून ऊसतोडीला जायचं तर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) जोडप्याला मिळते, म्हणून पोरीचं लग्न उरकतात आणि ती उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत होते. तीही घरापासून लांबच. गळ्यात मंगळसूत्र आहे म्हणून ती आपल्या चर्चेत बसत नाही. पण अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं २०१७पासून आहे, त्यामुळे दवाखान्यात तिचं वय एकोणीस सांगितलं जातं.

निराधार गरोदर अल्पवयीन मुलींसाठी केंद्राने २०२३मध्ये योजना आणली खरी. पण ती पॉक्सोतल्या पीडितांसाठी, म्हणजे पोलीस येणारच.

चौदा वर्षांच्या मुलीला घरात ठेवणाऱ्या पंचविशीतल्या माणसावर खटला व्हायलाच हवा. त्या बाबतीत मी दुसऱ्या तटाची. पण २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपातापुरती डॉक्टरला मुभा दिली, की तिने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही. जी बाळ ठेवते तिच्या बाळंतपणाला ही मुभा नाही. वय सोळा होईल की अठरा राहील याची वाट न बघता, एवढं तरी आधी मागता येईल.