नव्या गाडीचे सहा नियम, त्यातला अर्धा खरा

भाच्यानं पहिली गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी मला एक ढकलपत्र पाठवलं. खाली प्रश्न : ‘मामा, हे खरंय का?’ पत्राचं नाव ‘नवीन कारमालकांसाठी सहा सुवर्णनियम’. सकाळी इंजिन सुरू करून दहा मिनिटं उभं ठेवा. टायरवर छापलेल्या आकड्याएवढी हवा भरा. उन्हाळ्यात त्यातली पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी करा. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो. उतारावर न्यूट्रल टाका, ॲव्हरेज वाढतं. इंजिन ऑइल काळं दिसलं की लगेच बदला. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय.

दहा मिनिटांचा नियम कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळातला आहे. तेव्हा थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून चोकची दांडी ओढावी लागायची आणि थंड इंजिन गिअर टाकताच आचके देत बंद पडायचं. आता पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर बघून संगणक ठरवतो. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं. तोवर जादा सोडलेल्या पेट्रोलचा थोडा अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतो. सुरू करा, पट्टा लावा, आरसे बघा. एवढ्यात ऑइल वर पोचलेलं असतं. मग पहिले चार-पाच किलोमीटर इंजिन न ताणता हळू चालवा. त्यानं गिअरबॉक्स आणि टायरही तापतात, जे जागेवर उभं राहून कधीच होत नाही.

टायरबद्दलचे दोन नियम मात्र मला खरोखर धोक्याचे वाटतात, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत 44 किंवा 51 पीएसआय असं लिहिलेलं असतं. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा हवी हे टायर बनवणाऱ्याला ठाऊकच नसतं. ते गाडी बनवणारा सांगतो. चालकाचं दार उघडा, खांबावर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. माझ्या गाडीवर 33 लिहिलंय, टायरवर 51. ढकलपत्राचं ऐकलं असतं तर टायर मधोमध फुगून रस्त्याला कमी टेकला असता आणि ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबली नसती. त्याच स्टिकरवर माणसं आणि सामान भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा असतो, तोही बघून ठेवा.

हा आकडा गार टायरचा. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजलेला. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं चढतो. सकाळी 33 भरलेल्या माझ्या टायरात तासभर महामार्गावर पळवल्यानंतर 37 दिसतात. नवा मालक इथेच घाबरतो आणि हवा सोडायला लावतो. ही चढती धरूनच तो 33 ठरवलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बरं, मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते का? बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे. एखादी तार दोन्ही हातांनी भराभर वाकवून बघा आणि वाकल्या जागी बोट लावा, चटका बसतो. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला तशीच वाकते. 185/65 आर 15 मापाचा टायर किलोमीटरला पाचशेहून थोडे जास्त फेरे घेतो. ताशी 100 च्या वेगानं म्हणजे सेकंदाला चौदा वेळा वाकणं झालं. आतली उष्णता वाढत जाते, थर सुटतात आणि त्यात डिक्की भरलेली असेल तर टायर जातो. म्हणजे ढकलपत्रातला उपाय हेच आजाराचं कारण आहे. टायर किती जुना आहे हेही बघा : बाजूवरच्या चार आकड्यांत 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला.

टाकीच्या स्फोटाची गोष्ट दर उन्हाळ्यात उगवते. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला 250 अंशांच्या आसपास तापमान लागतं. तेवढं तापलं तर आधी आपणच उरणार नाही. पेट्रोल फुगतं हे खरं, पण 10 अंशांना साधारण एक टक्का, म्हणजे 40 लिटरला सुमारे 400 मिलिलिटर. त्यासाठी टाकीत वर मोकळी जागा ठेवलेलीच असते. अर्धा खरा नियम हाच : फुल करा, पण काठोकाठ भरू नका. नोझल ‘खट्’ करून थांबलं की थांबा. रक्कम सरळ करायला ‘अजून थोडं’ म्हणून कोंबलं, तर वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो. उलट सतत रिझर्व्हवर चालवणं जास्त वाईट. इंधनपंप टाकीच्याच आत असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं.

उतारावरचं न्यूट्रल हा माझा जुना राग आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आजच्या इंजिनात पेट्रोल सोडणं जवळजवळ पूर्ण थांबतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, लहान गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर. हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, हे मान्य. पण त्यातून वाचतं ते चमचाभर. घाटात त्याची किंमत ब्रेक मोजतात. इंजिनाचा आवर नाही, म्हणून पाय सतत ब्रेकवर, पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं. उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. चढताना जो गिअर लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. आणि उतारावर इंजिन बंद करणाऱ्या महाभागांसाठी : दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

राहिलं ऑइल. चांगल्या ऑइलमध्ये काजळी धुऊन ती तरंगती ठेवणारी रसायनं असतात. म्हणजे ते काळं पडतंय याचा अर्थ काम करतंय. डिझेल गाडीत तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. कधी बदलायचं ते मॅन्युअलमधले किलोमीटर आणि महिने ठरवतात, दोन्हींपैकी जे आधी येईल ते. रंगाऐवजी पातळी बघायची सवय लावा : सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत घालायची, मग वाचायची. दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक.

एका रंगाला मात्र भाच्याला घाबरायला सांगितलंय. डिपस्टिकवरचं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत शिरलंय असं धरायचं. गाडी सुरू करायची नाही, ओढून न्यायची.